काळ्या करकोच्यासाठी गप्प

त्याला सगळे रेडिओ म्हणत. कोपऱ्यावरच्या त्याच्या दोन खुर्च्यांच्या सलूनचं शटर सकाळी वर गेलं की तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा, तो दिवे मालवेपर्यंत. गिऱ्हाईक मान खाली घालून बसलेलं, मानेवर वस्तरा. बिचारं बोलणार काय? त्यामुळे समोरच्याचं ऐकून घ्यायची सवयच त्याला लागली नाही.

एकुलत्या एका लेकीलाही तो बोलण्यात पुरून उरायचा. मालवाहू ट्रक चालवायचाय, असं तिनं एकदा जेवताना सांगितलं. त्यानं तिला पुढे बोलूच दिलं नाही. रस्ते, अपघात, लोक काय म्हणतील, सगळं एका दमात ऐकवलं. ती भरल्या ताटावरून उठली आणि महिन्याभरात ट्रक चालवायला दुसऱ्या शहरात गेली. फोन करायची, पण आईला.

त्याच्या दोघा स्नेह्यांना पक्ष्यांचं वेड होतं. एक निवृत्त पोस्टमन, दुसरी समोरच्या दवाखान्यातली दातांची डॉक्टर. शहराबाहेरच्या तलावावर काळा करकोचा उतरल्याची बातमी आली. या भागात कित्येक वर्षांत तो कुणाला दिसला नव्हता. रेडिओनंही येण्याचा हट्ट धरला. डॉक्टरनं आढेवेढे घेतले.

"येऊ दे," पोस्टमन म्हणाला. "पण तिथं शब्द काढलास तर तलावात ढकलीन."

गाडीत त्यानं आगाऊच सगळं बोलून घेतलं. तलावाकाठी लव्हाळ्यांच्या आडोशाला तिघं बसली, तेव्हा कुठे ओठ मिटले. आधी जीव नुसता कासावीस झाला. घशाशी आलेलं वाक्य तो पाण्याच्या घोटाबरोबर गिळायचा. मग हळूहळू कानांवर काही पडायला लागलं. लव्हाळ्यांची सळसळ, बेडकानं मारलेली बुडी आणि शेजारी पोस्टमनचा जड, घरघरता श्वास. इतकी वर्षं याची दाढी करतोय, याला धाप लागते हे आपल्या ध्यानातच कसं आलं नाही, या विचारानं तो चरकला.

ऊन कलायला लागलं तेव्हा डॉक्टरनं अलगद त्याचा गुडघा दाबला. पलीकडच्या उथळ पाण्यात करकोचा उभा होता. दुरून नुसता काळा. दुर्बिणीतून मात्र मानेवर हिरवी-जांभळी झळाळी, चोच आणि पाय लालभडक. एक पाऊल टाकायचा, थांबायचा, पाण्याकडे बघत राहायचा. रेडिओचे डोळे भरून आले.

परतीच्या वाटेवर त्यानं पोस्टमनला एवढंच विचारलं, "धाप कधीपासून लागते रे?" पोस्टमन आधी उडवाउडवी करत होता, मग सांगत राहिला. दुसऱ्याच दिवशी त्याला ओळखीच्या छातीच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरलं.

घरी येताच रेडिओनं लेकीला फोन लावला.

"आई कुठंय?" तिनं विचारलं.

"आत आहे. मला तुझंच ऐकायचंय. ट्रक कसा चालवतेस, ते सांग ना."

त्याच्या जिभेवर चार वाक्यं आली, ती त्यानं तिथंच थोपवली. मग ती अडखळत बोलू लागली. भरलेल्या ट्रकनं उतार कसा उतरायचा, ढाब्यावरच्या ड्रायव्हर बायका, पहिल्यांदा एकटीनं बदललेलं चाक. तो मधूनमधून फक्त "मग?" म्हणत होता.

"बाबा, आज तुला झालंय काय?" शेवटी तिनं विचारलं. तेव्हा त्यानं करकोच्याची हकिकत सांगितली, तीही थोडक्यात.

पुढच्या सुट्टीला ती आली. करकोचा तोवर उडून गेला होता. तरी बापलेक तलावाकाठी ऊन चढेपर्यंत बसली, आणि बहुतेक तीच बोलत होती.