पाठवणीची चाल कुणाची

सूर धरणाऱ्या माझ्या साथीदाराने मला फसवलं. पाठवणीची जी चाल आज गोरेगावपासून आखाडा बाळापूरपर्यंत त्याच्या नावाने वाजते, ती मी बांधली आहे.

मी सनईवाला. बाप साखरा गावात लोकांची गुरं राखायचा. बाळापूरला एक म्हातारे सनईवाले होते. पोरवयात घर सोडून मी त्यांच्या पडवीत जाऊन बसलो आणि सौदा केला : तुमच्या म्हशीचं गवत मी कापतो, आठ दिवसांच्या गवताला एक धडा द्या. ते पंधरा दिवसांवर अडले. मी दहावर आणलं. मला कुणी काही फुकट दिलेलं नाही, म्हणून बोलीचा शब्द कुणी मोडला की माझं डोकं फिरतं.

पुढे माझा चौघांचा ताफा झाला. मी पुढे सनईवर, मागे संबळ, चौघडा आणि हा सूर धरणारा. सूर म्हणजे बिनभोकांची सनई. तिच्यात एकच स्वर घुमतो. गाल फुगवून, नाकाने श्वास ओढत तो स्वर तुटू न देणं एवढंच त्याचं काम. मी सनईचं तोंड उचललं की लय वाढायची, खाली नेलं की सगळे थांबायचे. एकदा त्याने विचारलं होतं, "दादा, एखादी चाल मला वाजवू द्या की." मी म्हणालो, "तू सूर सोडला तर मी काय हवेवर उभा राहू?" तो हसला. पुन्हा त्याने विचारलं नाही.

त्या चालीमागे माझी बहीण आहे. तिच्या लग्नात बापाला वाजंत्री आणणं जमलं नाही, आणि मला तेव्हा सनई धड फुंकता येत नव्हती. गाडी निघाली तेव्हा नुसती चाकं कुरकुरत होती. बहीण मागे वळून मला म्हणाली, "वाजंत्री न्हाई व्हय रे? चोरून नेऊन राहिल्यावानी वाटते." पुढे ताफा जमल्यावर मी ती चाल बांधली. तिच्यात एका जागी सनई थांबते, संबळ थांबतो, फक्त सूर राहतो. पोरगी मागे वळून पाहते ती ती जागा. हे मी ताफ्याला नीट सांगितलं होतं, बहिणीच्या गोष्टीसकट. चाल पसरली. लोक पोरीचं लग्न ठरलं की आधी तीच मागायचे.

मग गोरेगावकडचं ते लग्न. मुलीच्या बापाशी माझी बोली झाली होती : सावलीत चटई, पंगतीबरोबर गरम जेवण, पत्ती भिजवायला पाण्याचा तांब्या. पत्ती म्हणजे सनईच्या तोंडाशी बसवायची पातळ जीभ. ती कोरडी पडली तर सनई बोलत नाही. सकाळी नवरी मुलगी स्वतः येऊन म्हणाली, "काका, मी निघताना ती चाल नक्की वाजवजा." मी हो म्हणालो. दुपारी हिंगोलीचे पाहुणे आले आणि आमची चटई उन्हात, चपला-जोड्यांच्या ढिगाशेजारी गेली.

"मालक, बोली सावलीची झाली होती."

"फुकायला सावली काहून लागते? सनई वितळून राहिली का तुमची?"

मांडव हसला. मी पत्ती काढून पटक्यात खोचली. आमच्यात हा नियम आहे. पुढच्याने पत्ती खोचली की वाजवणं संपलं, सगळ्यांनी वाद्यं झाकायची. मी उठलो आणि मागे न पाहता चालू लागलो. पाठवणी व्हायची होती. मालक धावत येईल, पाया पडेल, असा माझा हिशेब होता.

नाल्यापलीकडे गेल्यावर मला माझी चाल ऐकू आली.

ताफ्याची जादा सनई सूर धरणाऱ्याच्या झोळीत असायची. पत्त्या मात्र माझ्याजवळ. नंतर कळलं की मी चिरलेल्या म्हणून टाकायचो त्या पत्त्या तो वेचून ठेवायचा, तासायचा, आणि रानात जागलीला गेला की फुंकायचा. माझ्या पाठीमागे बसून बारा वर्षांत त्याने चालीचा कोपरान्‌कोपरा उचलला होता. बायकांचं रडणं नाल्यापर्यंत येत होतं. मग ती थांबायची जागा आली. सनई थांबली, संबळ थांबला आणि मागे काहीच उरलं नाही, कारण सूर धरणाराच पुढे होता. मी एकटा उभा होतो. तो सूर मी तोंडाने धरला. का धरला, माहीत नाही.

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. मी वाटेल ते बोललो. तो खाली बघून म्हणाला, "दादा, तुमचा राग बापावर व्हता. पोरगी तुमच्या बहिणीवानी जाऊन राहिली व्हती."

त्या दिवशी वाजवलं हे त्याने बरोबर केलं. नियम मोडला, तरी बरोबर केलं. पण मी त्याला दारातून हाकललं आणि त्याने स्वतःचा ताफा उभा केला.

फसवणूक त्यानंतरची आहे. निजामाचं राज्य गेलं त्या साली हिंगोलीत मांडव घालून त्याला वाजवायला बसवलं. मी गर्दीत उभा होतो. चाल संपल्यावर एका पुढाऱ्याने ओरडून सांगितलं, "ही चाल यांनीच बांधली!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याने माझ्याकडे पाहिलं, हे मी शपथेवर सांगतो. आणि हात जोडून तो गप्प बसला.

त्याचे गाल बारा वर्षं माझ्यासाठी फुगले, हे मी विसरलो नाही. त्या थांबायच्या जागेत त्याचाही वाटा आहे, हे मी इथे लिहून देतो. त्याने बोलावलं तर मी त्याच्या मागे बसून सूर धरीन, उन्हातसुद्धा. पण त्याआधी गोरेगावच्या बाजारात, चार माणसांसमोर त्याने मला जबाब द्यावा : चाल कुणाची, आणि त्या दिवशी तू गप्प काहून बसलास?