पाठमोरा

माझा धंदा कवळ्या बनवण्याचा. लोकांचे दात पडतात म्हणून माझी चूल पेटते, आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही. वाटली ती एकदाच, तीही भावोजींमुळे.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. चौतीस वर्षं पार्सल ऑफिसात खोक्यांची वजनं करून निवृत्त झाले. ही झाली पोटापाण्याची गोष्ट. खरे भावोजी बघायचे ते रविवारी दुपारी, एका हॉटेलच्या तळघरात, हातात ट्रम्पेट घेतलेले. आमच्या शहरात जॅझ ऐकणारे असतील शंभर-सव्वाशे, पण अस्सल जॅझवाला कोण हे ठरवणारे दीडशेच्या खाली नाहीत. या दीडशे जणांचं एका बाबतीत मात्र एकमत होतं. मुरलेला, आतून-बाहेरून हिप, म्हणजे त्यांच्या भाषेत एकदम पोचलेला, असा जॅझवाला एकच, आमचे भावोजी. ते त्यांना ‘पाठमोरा’ म्हणत.

कारण भावोजी श्रोत्यांकडे पाठ करून वाजवायचे. तीन-चार सूर झाले की थांबायचे, भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, मग पुन्हा चार सूर. ते थांबले की तळघर श्वास रोखून धरी. तळघरातही काळे चष्मे न काढणारी मंडळी गंभीरपणे मान हलवत. टाळी वाजवणं तिथं गावंढळपणाचं समजलं जाई. फारच आवडलं तर टेबलावर बोटानं एक टिचकी. एका समीक्षकानं भावोजींच्या थांबण्यावर अकरा पानांचा लेख लिहिला होता. त्यात ‘ट्रम्पेट’ हा शब्द दोनदा आला होता आणि ‘शून्य’ चाळीसदा. एका सॅक्सोफोनवाल्यानं तर भावोजींवर ताण म्हणून पडद्याआडून वाजवायला सुरुवात केली. लेखाचं कात्रण भावोजींच्या पाकिटात असायचं. खोटं कशाला बोलू, त्यांना हे सगळं आवडत होतं.

मी जॅझमधला ढ. कधीमधी ताईबरोबर जाऊन मागच्या खुर्चीत डुलक्या काढायचो. एका रविवारी पोचायला उशीर झाला, खुर्ची मिळाली नाही, म्हणून मंचाच्या कडेला खांबाशी उभा राहिलो. तिथून भावोजींचा चेहरा दिसत होता. चार सूर झाले. भावोजी थांबले. तळघर स्तब्ध झालं. आणि भावोजींनी अंगठा तोंडात घालून वरची कवळी टाळूला दाबून बसवली.

ती कवळी माझ्या हातची होती. नऊ वर्षांपूर्वी मीच बसवलेली. वयानुसार हिरड्या आक्रसतात, कवळी सैल पडते, आणि फुंकर मारली की सुटून येते, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? माझं काम भर मैफिलीत लोंबकळत होतं आणि समोर समीक्षक डोळे मिटून शून्यात बुडाला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना कारखान्यात बोलावून घेतलं. कारखाना कसला, एक खोली. फळीवर गिऱ्हाइकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे मांडलेले.

“किती दिवस चाललंय हे?” मी विचारलं.

“झाली सहा वर्षं.”

“आणि घरात कवळीवाला असून सांगितलं नाहीत?”

“काय सांगणार? आधी लाज वाटली. मग लोक वाहवा करायला लागले.” त्यांनी पाकीट काढलं, उघडलं नाही, परत खिशात ठेवलं. “तुझ्या ताईसाठी एक धून बांधली होती, लग्नाआधी. शेवटचा सूर लांबलचक आहे, एका दमात घ्यायचा. दर रविवारी तीच सुरू करतो रे. सहा वर्षांत एकदाही शेवटापर्यंत पोचलो नाही. छातीत दम आहे अजून, पण किती दिवस राहील सांगता येत नाही. लोकांसमोर एकदा पुरी वाजवायचीय.”

मी घाईघाईनं मेण गरम करायला घेतलं.

तीन आठवडे खपलो. मेणातले दात तोंडात बसवायचे, भावोजींनी ट्रम्पेट ओठाला लावायचं, कुठं दाब येतो ते मी बघायचं, परत खरवडायचं. पुढचे दोन दात केसभर आत घेतले. अखेर पक्की कवळी बसली आणि भावोजींनी एक सूर धरला. धरला तो सोडेचनात! फळीवरचे जबडे थरथरले. शेजारचा शिंपी कात्री हातात घेऊन धावत आला. भावोजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण सूर तसूभर हलला नाही.

शनिवारी ते तळघरात सराव करत होते, तेव्हा हॉटेलच्या मालकानं ऐकलं. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

“हे काय? तुम्ही सलग वाजवताय!”

“हो. मेहुण्यानं नवे दात बसवून दिलेत.”

“अहो, चांगलं वाटतंय हे! कुणालाही आवडेल असं! लोक काय म्हणतील? नवे दात घाला, माझी ना नाही. पण उद्या पाठ भिंतीकडे आणि चार सुरांनंतर थांबायचं. नाहीतर परवापासून इथं यायचं नाही.”

त्या रात्री भावोजी नीट जेवले नाहीत, असं ताईनं मला सांगितलं.

रविवारी मी आणि ताई पहिल्या रांगेत बसलो. भावोजी आले, भिंतीकडे वळले, चार सूर वाजवले आणि थांबले. कवळी घट्ट होती, थांबायचं कारणच नव्हतं. ते नुसते उभे होते. पाच, दहा, पंधरा सेकंद. टेबलांवर टिचक्याच टिचक्या! एवढ्या टिचक्या त्या खऱ्या, अंगठा घालायच्या थांबण्याला कधी मिळाल्या नव्हत्या. भावोजींची मान खाली गेली.

मग ते वळले. सहा वर्षांत प्रथमच लोकांना त्यांचं तोंड दिसलं. चांगलं गोल, पार्सल ऑफिसातलं तोंड. ट्रम्पेट उचललं आणि धून पहिल्यापासून सुरू केली.

आधी काळे चष्मे एकमेकांकडे वळले. मग कुणीतरी हळूच म्हणालं, “विकला गेला.” समीक्षकानं कोट चढवला. जिन्यात शेजाऱ्याला सांगत होता, “हल्ली सुरेल वाजवायला लागलाय बिचारा.” खुर्च्या सरकत होत्या, जिना वाजत होता, आणि भावोजी वाजवत होते. शेवटचा सूर त्यांनी उचलला तेव्हा खाली आम्ही दोघं, दाराशी मालक आणि कपबशा गोळा करणारा वेटर, एवढेच उरलो होतो. तो सूर किती वेळ चालला, मला सांगता येणार नाही. ताईनं माझा हात असा काही आवळला की बोटं बधिर झाली.

“उद्यापासून दुसरा माणूस बघतो,” मालक म्हणाला आणि वर निघून गेला.

भावोजी मंचाच्या कडेवर बसले. एकदम म्हातारे दिसले.

वेटर ट्रे घेऊन तिथंच उभा होता.

“काका, हे असं संपतं होय?” तो म्हणाला. “सहा वर्षं दर रविवारी ऐकतोय मी हे. घरी जाताना गुणगुणतोसुद्धा. पण पुढं काय येतं तेच कळायचं नाही, जीव नुसता टांगलेला राहायचा.”

भावोजींनी मान वर केली. “पुन्हा ऐकायचंय?”

वेटरनं ट्रे टेबलावर ठेवला, समीक्षकाची खुर्ची पुढं ओढली आणि ऐसपैस बसला.

“वाजवा,” तो म्हणाला.