कंप्रेसर थांबेपर्यंत

गाडी खोलून परत बसवली की एखाददुसरा नट उरतोच. गाडी चालू होते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि तो नट कुठला होता हे कुणालाच सांगता येत नाही. चिकलठाण्याला अण्णांच्या गॅरेजमध्ये अशा उरलेल्या नटांनी भरलेला एक जुना डबा आहे. आमच्या बँडचे किस्सेही त्याच गॅरेजमध्ये असेच साठत गेले. कुठला कुठे बसतो ते मला अजून नीट कळलेलं नाही, पण डबा हलवला की वाजतो, म्हणून सांगतो.

बँडमध्ये आम्ही तिघं. नितीन ड्रम वाजवतो आणि दिवसभर वडिलांच्या हाताखाली गाड्या दुरुस्त करतो. त्याचे वडील म्हणजेच अण्णा. सना गाते आणि गिटार वाजवते, राहायला पडेगावला. मी बेस वाजवतो आणि दिवसा गुलमंडीत काकांच्या दुकानात साड्यांना मॅचिंग ब्लाउजपीस काढून देतो. तिघांत सगळ्यात अवघड काम माझं आहे, पण ते जाऊ द्या.

* * *

बँड जमला कसा, असं लोक फार आदराने विचारतात. ब्रेकची वायर तुटल्यामुळे जमला.

सनाच्या स्कूटीचा ब्रेक जालना रोडवर गेला. ती ढकलत ढकलत अण्णांच्या गॅरेजपर्यंत आली, पाठीवर गिटार. वायर मिळेपर्यंत बसून काय करायचं, म्हणून तिने गिटार बाहेर काढली. नितीन तिथंच ऑइलच्या रिकाम्या ड्रमवर नट खोलायचे दोन पाने घेऊन ठोकत बसला होता. हे त्याचं शाळेपासूनचं व्यसन. मी त्याचा शाळेतला मित्र, गाडी घेऊन नव्हे, सहज चहाला गेलो होतो.

माझ्या घरी एक बेस पडून होता. चार तारा आहेत म्हणजे गिटारपेक्षा सोपं पडेल, असं समजून मी तो घेतला होता. दुकानदारानेही मला थांबवलं नाही. दुसऱ्या दिवशी मी तो घेऊन गेलो तर सना आधीच येऊन बसलेली. तिची स्कूटी ठणठणीत होती.

अण्णांनी आम्हा तिघांकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "सात वाजल्यावर या. गिऱ्हाईकाच्या टायमाला नाय."

* * *

अण्णांची आणखी एक अट होती. कंप्रेसर बंद करायचा नाही.

त्याचं कारण असं, की गॅरेजच्या कंप्रेसरचा एक पाइप भिंतीतल्या भोकातून शेजारच्या रफीकभाईंच्या पंक्चरच्या दुकानात जातो. दोघांत मिळून एकच कंप्रेसर, हा त्यांचा फार जुना रिवाज. टाकीतली हवा कमी झाली की मोटर आपोआप चालू होते, गॅरेजभर धडधड करते आणि टाकी भरली की फुस्स करून थांबते. रफीकभाईंकडे गिऱ्हाईक जास्त असलं की आमची प्रॅक्टिस संपलीच म्हणून समजा.

सुरुवातीला आम्ही वैतागायचो. मग नितीनने वाट काढली. मोटर चालू झाली की सना गायची थांबायची, नितीन मोटरच्या तालावर धडधड वाजवत राहायचा, मी खालून घुमवत राहायचो आणि फुस्स झालं की तिघंही एकदम ध्रुवपदावर तुटून पडायचो. मजा यायची. आपण काय शिकतोय, याचा विचार मात्र कुणी केला नाही.

* * *

आम्ही आलो की अण्णा टोपी घालायचे, "जाऊन येतो" म्हणायचे आणि जायचे. कुठे ते कधी सांगितलं नाही.

एकदा नितीनने त्यांना अडवलं. म्हणाला, अण्णा, बसा की आज, एकच गाणं ऐका. अण्णा म्हणाले, "दिवसभर खडखडाटच ऐकतो मी. संध्याकाळी पण तेच?" आम्ही सगळे हसलो, नितीनही हसला. पण त्या दिवशी त्याचा एकही ठोका जागेवर पडला नाही. नंतर रॉकेलने हात पुसता पुसता तो मला म्हणाला, "लोकांनी टाळ्या वाजवल्या काय अन् नाय वाजवल्या काय. यांनी एकदा ऐकावं, बास." मला लई वाईट वाटलं. नितीन असं काही बोलणाऱ्यातला नाही.

तेव्हापासून मला एकच किडा चावत होता. अण्णा जातात कुठे? घरी म्हणावं तर नितीनची आई सांगायची, की ते नितीनच्या जरा आधी घरी पोचतात. सना म्हणाली, पत्ते खेळत असतील. मी म्हणालो, मारुतीच्या देवळात. शेवटी न राहवून मी रफीकभाईंना जाऊन विचारलं.

"इधरिच रहते होंगे कहीं," रफीकभाई म्हणाले आणि स्टुलावरचे चहाचे दोन कप उचलून आत ठेवले. माझी चौकशी तिथंच संपली.

* * *

बँडला नाव नव्हतं. एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये वाजवायला बोलावलं, तेव्हा त्या पोरांनी फोनवर नाव मागितलं आणि आत्ताच्या आत्ता पाहिजे म्हणाले, बॅनर छापायला चालला होता. सनाने इकडेतिकडे बघितलं. समोर शटरवर अण्णांनी स्वतःच्या हाताने लाल रंगात लिहिलं होतं, तेच तिने वाचून दाखवलं. त्यामुळे आमच्या बँडचं नाव 'गाडी लावू नये'.

पोरांनी बॅनर मोठा छापला आणि कौतुकाने कॉलेजच्या मेन गेटवरच लावला. लोक यायचे, बॅनर बघायचे आणि गाडी वळवून पार मागच्या मैदानात लावून यायचे. वॉचमनने तर त्या बॅनरखाली उभं राहून प्राचार्यांचीही गाडी परत पाठवली. आम्ही पहिलं गाणं रिकाम्या खुर्च्यांसमोर वाजवलं.

दुसऱ्या गाण्याला खुर्च्या भरल्या आणि तेव्हाच आमचं पितळ उघडं पडलं. कडवं झालं, सना थांबली, नितीनने धडधड सुरू केली, मी खालून घुमवायला लागलो. आणि आम्ही वाट बघत राहिलो. मी नितीनकडे बघतोय, नितीन सनाकडे बघतोय, सना स्टेजच्या कोपऱ्यात बघतेय, कारण गॅरेजमध्ये त्या कोपऱ्यात कंप्रेसर असतो. तो थांबल्याशिवाय पुढे जायचं कसं, हे तिघांपैकी एकालाही येत नव्हतं! नितीनचे हात भरून आले. शेवटी मागे कुणाची तरी खुर्ची धाडकन पडली, त्या आवाजाला आम्ही फुस्स समजलो आणि सुटलो.

टाळ्या थांबेनात. लोकांना वाटलं, मुद्दाम ताणून धरलं होतं. त्या वाट बघण्याचा व्हिडिओ फिरला, आम्हाला बोलावणी यायला लागली आणि प्रत्येक जण सांगायचा, ते थांबायचं मात्र नक्की करा.

* * *

आता तेच तर जमत नव्हतं. सनाने मान हलवून खूण करायची असं ठरवलं, तर तिची मान गाण्यात अशीही हलतेच. मोबाइलवर आवाज भरून घेतला, तर नितीन म्हणाला, पायाखाली हादरत नाही तोवर हात उठत नाही. पुण्याचं बोलावणं आलं, आमचं सगळ्यात मोठं, तेव्हा कंप्रेसरच घेऊन जायचं ठरलं.

अण्णांना विचारायला कुणी धजेना. शेवटी सना गेली. अण्णा बराच वेळ हातातला प्लग घासत बसले. मग म्हणाले, "कंप्रेसर एकटा जाणार नाय. त्याच्यासोबत मला यावं लागंल."

नितीन गाडीखाली होता. तो बराच वेळ बाहेरच आला नाही.

रफीकभाईंसाठी कुठून तरी दुसरा कंप्रेसर आणून ठेवला आणि आम्ही टेम्पोने निघालो. संभाजीनगर ते पुणे अण्णा पुढे ड्रायव्हरजवळ बसले नाहीत, मागे कंप्रेसरला हात लावून बसले.

पुण्यात दुपारी कंप्रेसर चालवून बघितला. टाकी भरली, सगळं झकास. पण मोटर चालू झाली की स्टेजचे दिवे मंद व्हायला लागले. संध्याकाळी साउंडवाला आला आणि त्याने सरळ वायर काढून टाकली. माझं सामान जळेल म्हणाला, आणि त्याचं काही चुकत नव्हतं. समोर ही गर्दी. नितीनचा चेहरा बघवत नव्हता. वडील ऐकायला आले, ते नेमके आजच, आणि आज आपण कोपऱ्याकडे बघत उभं राहणार. आम्ही गाणं रद्द करायचं म्हटलं, तर आयोजक म्हणाले, लोक त्याच गाण्यासाठी आलेत.

गाणं सुरू झालं. कडवं झालं. सना थांबली. नितीनने धडधड सुरू केली आणि आम्ही तिघांनीही, सवयीने, कोपऱ्याकडे बघितलं.

कोपऱ्यात अण्णा उभे होते, टोपी घालून, हातात बावीसचा पाना. त्यांनी पाना उलटा धरला आणि टाकीवर ठोके द्यायला सुरुवात केली. मोटरचाच ताल, तसाच, मध्ये मोटर जरा अडखळते त्या अडखळण्यासकट. स्टेज पायाखाली हादरायला लागलं. ते आमच्याकडे बघतही नव्हते. डोळे मिटले होते आणि दुसरा हात टाकीच्या खालच्या, हवा सोडायच्या कॉकवर होता. नितीनचे हात चढत गेले, चढत गेले, आता याच्यापुढे ताणलं तर तुटेल असं झालं, आणि नेमकं तेव्हा अण्णांनी ठोका थांबवून कॉक उघडला.

फुस्स!

त्या दिवशी ध्रुवपद जसं पडलं, तसं आमच्याकडून परत कधी पडलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर लोक सनाभोवती जमले, काही माझ्याही. नितीन घामाने निथळत तसाच कंप्रेसरपाशी गेला. अण्णा पाइप गुंडाळत होते. तो काही विचारणार तेवढ्यात तेच म्हणाले,

"तिसऱ्या गाण्यात तू घाई करतो. रोजच करतो."