दुसऱ्या दिवसाचं माहेर

शिवलीलाचं सासर शाहूपुरीत, एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर. नवी लग्न होऊन आली तेव्हा स्टँडवरच्या भोंग्यानं तिचं डोकं उठायचं. पुढं त्या गोंगाटातली एकच ओळ तिच्या कानाला बरोबर सापडू लागली. गडहिंग्लजला जाणारी गाडी फलाटावर लागली की ती हातातलं काम थांबवायची आणि गाडी सुटेपर्यंत उगीचच गॅलरीत उभी राहायची.

माहेर गडहिंग्लजच्या पुढं, कर्नाटकाच्या शिवेवर. प्रेमाची भाषा कन्नड आणि भांडणाची मराठी, असं ते घर. वर्षातून दोन-तीनदा ती जायची. नवरा बसवराज स्टँडवर यायचा, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचा, पोरांना आत ढकलायचा आणि दुकान उघडायला पळायचा. मग चार दिवस, जमलं तर आठ दिवस, ती कुणाची सून नसायची.

पण खरं माहेर दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचं. तिची आई मल्लव्वा, म्हणजे अव्वा, ही बाईच तशी. पहिल्या दिवशी लेक म्हणजे पाहुणी. पुरण शिजायचं, शेजारणींना बोलावून लेक दाखवायची, जावयाची, विहीणबाईंच्या गुडघ्यांची रीतसर चौकशी व्हायची. मनातलं एक अक्षर बाहेर यायचं नाही. दुसऱ्या दिवशी जेवणं उरकली की अव्वा सोप्यात पाय पसरून तूर निवडायला बसायची, आणि सुपाकडं बघत बघत बोलायला लागायची. शिवलीलाच्या आधी गेलेल्या मुलाबद्दल. शिवलीलाच्या वडिलांच्या, आप्पांच्या रागाबद्दल. मरणाची भीती वाटते का नाही, याबद्दलसुद्धा. शिवलीलाही मग बोलायची, रडायची, आणि हलकी होऊन परतीच्या एसटीत बसायची. त्या एका दिवसावर ती शाहूपुरीतले चार महिने काढायची.

अठ्ठ्याण्णवच्या पाडव्याला बसवराजनं गाडी घेतली. त्याचं पाण्याच्या मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान बरं चाललं होतं. जयसिंगपूरच्या एका कंत्राटदारानं वापरून काढलेली, पांढरी, डिझेलवरची, लांबलचक. पुढं दोघं, मधे तिघं आणि मागं समोरासमोर दोन बाकं. सगळी गल्ली बघायला आली. शेजारच्या हंबीररावांनी चाकाला लाथ घालून ‘इंजिन खणखणीत हाय’ असा निकाल दिला. हंबीररावांनी जन्मात सायकलीपलीकडं काही चालवलं नव्हतं, पण निकाल द्यायला कुणाचं काय जातं?

बसवराजनं बोनेटवर हळदकुंकू वाहिलं आणि बायकोला म्हणाला, “तुझी एसटी सुटली बघ आता. राणीगत जायाचं माहेराला.” त्याचा चेहरा इतका फुलला होता की तिलाही भरून आलं.

गाडीबरोबर संसार करणं काय असतं ते मग घराला हळूहळू कळलं. सकाळी चावी अर्धी फिरवून हीटरचा दिवा विझेपर्यंत बसवराज हात जोडल्यासारखा बसायचा. मग गाडी अंग झाडून उठायची आणि समोरच्या चिमणाबाईंच्या वाळत घातलेल्या लुगड्यांवर काळा धूर सोडायची. चिमणाबाईंच्या तोंडून गाडीचा उद्धार ऐकल्याशिवाय शाहूपुरीत दिवस उजाडेनासा झाला. ‘डिझेलला कितीसं लागतंय’ या एका वाक्यावर गल्ली जगू लागली. कुणाची बाळंतीण दवाखान्यात न्यायची, कुणाचा पावणा रंकाळा बघायचा म्हणतोय, कुणाचं तिजोरीएवढं कपाट हलवायचंय. नाही म्हणायला बसवराजला जीभच नव्हती. आणि मागच्या दाराची आतली कडी कंत्राटदाराच्या काळापासून तुटलेली. मागं अर्थातच बायका. गाडी थांबली की पुरुष उतरायचे, कंबर सरळ करायचे, चहा कुठं मिळतो ते विचारायचे. आणि मग कुणाला तरी आठवायचं की मागं बायका काच वाजवतायत. कडी बसवायला काही लागत नव्हतं, पण ‘चालतंय की’ म्हणत पाच वर्षं ती बसली नाही.

पहिल्यांदा गाडीतून माहेरी निघाली तेव्हा शिवलीलानं बॅगेत चार लुगडी भरली होती. गाडीत सासूबाई, दोन्ही पोरं, दीर, जाऊ, त्यांचा मुलगा आणि ‘गाडी चाललीच हाय तर’ म्हणून हंबीरराव. दुपारी पोचले. अव्वा चुलीपुढनं उठलीच नाही, एवढ्यांच्या पोळ्या लाटायच्या म्हणजे काय! जेवणं झाली, पुरुषांनी जरा डोळा लावला, आणि सासूबाई उठल्या. “चला, उजेडी घर गाठूया. हेडलाइट मंद हाईत.”

“मी राहते चार दिवस,” शिवलीला म्हणाली. “परत एसटीनं येईन.”

“दारात गाडी हुबी असताना एसटीनं?” सासूबाईंचा आवाज आळीभर गेला. “लोक तोंडात शेण घालतील की!”

चार लुगडी घडीसुद्धा न मोडता परत आली.

मग तेच सुरू झालं. दर खेपेला गाडी भरून जायचं आणि दिवस मावळायच्या आत भरून यायचं. उन्हाळ्यात तर वाटेत संकेश्वरला गल्लीच्या वर्षभराच्या तिखटाची मिरची घ्यायची. पोत्यांवर पाय ठेवून बायका कागलपर्यंत शिंकत यायच्या. ‘वर्षातनं सहा-सहा खेपा माहेराला जाती, नशीब काढलंस बाई,’ असं चिमणाबाई म्हणायच्या. खेपा सहा होत्या, पण दर खेपेला पहिलाच दिवस. दुसरा दिवस गाडीनं खाल्ला होता, आणि हे सांगावं तर सुख बोचतंय म्हणून लोक हसतील.

एकदा तिनं नवऱ्याला सांगून पाहिलं. तो हिरमुसला. “तुझ्यासाठीच घेतली की गाडी,” एवढंच म्हणाला. आणि ते खरं होतं, हाच तर सगळा घोळ. दुष्ट माणसाशी भांडता येतं. चांगल्या माणसानं हौसेनं दिलेल्या वस्तूशी भांडायचं कसं? शिवलीलानं पुन्हा तो विषय काढला नाही. गॅलरीत उभं राहणंही तिनं सोडलं, कारण भोंग्यावर गडहिंग्लजचं नाव आलं की तिला आता रडू फुटायचं.

दोन हजार दोनच्या दिवाळीत निघताना अव्वा गाडीच्या खिडकीशी आली. तिला आता नीट दिसत नव्हतं. काचेची कड धरून ती हळूच म्हणाली, “लीला, तुला एक सांगायचं हुतं गं.” तेवढ्यात बसवराजनं इंजिन उठवलं, मागनं हंबीरराव काहीतरी ओरडले. अव्वानं हात काढून घेतला. “असू दे. पुढच्या खेपंला.”

पुढच्या खेपेला हरभऱ्याचे डहाळे घ्यायला शेजारचे चौघं आले होते. अव्वानं तोंड उघडलं नाही. पण त्या दिवसापासून शिवलीलाच्या डोक्यात एकच गोष्ट घर करून बसली. अव्वा थकली आहे. तिला काहीतरी सांगायचं आहे. मला एकदा राहायचं आहे, दोन रात्री का होईना, एकटीला.

संधी आली ती पुढच्या मे महिन्यात. पोरं आजीबरोबर कोडोलीला, आजीच्या बहिणीकडं गेलेली. आणि गाडी उद्यमनगरात गॅरेजला, स्टार्टर काढून बाकावर उघडून ठेवलेला. सकाळी चहा देताना शिवलीला म्हणाली, “मी आज एसटीनं जाते. चार दिवस राहते.”

बसवराजचं अर्धं चित्त स्टार्टरमधे. “गाडी परवा मिळंल की. मग जाऊ सगळी.”

“नको. मी एकटी जाते.”

त्यानं मान वर करून तिच्याकडं बघितलं. आवाजात काहीतरी असावं. “जा की मग,” तो म्हणाला. “मी खातो हाटेलात.”

एसटीत खिडकीची जागा मिळाली. कागल गेलं, निपाणी गेली. शेजारच्या म्हातारीनं कोणाची कोण विचारलं, करवंदं दिली. शिवलीलाच्या तोंडावर गरम वारा लागत होता, डोक्यावरचा पदर सारखा घसरत होता आणि तिला तो सावरावासा वाटत नव्हता. इतकी सुखी ती कित्येक वर्षांत झाली नव्हती.

फाट्यावर उतरून बॅग घेऊन ती गावात शिरली. नळावरच्या एकीनं विचारलं, “गाडी कुठं लावली गं?”

“एसटीनं आले.”

“एकटी?” तिनं उचललेली घागर परत खाली ठेवली, बाकीच्या वळून बघायला लागल्या.

अव्वा दारातच होती. तिनं लेकीला ओळखलं, हसली आणि तिच्या खांद्यावरून मागं बघायला लागली. “बाकीची कुठं हाईत?”

“कुणी नाही. मी एकटीच. राहायला आले.”

अव्वाचं हसू मावळलं. तिनं शिवलीलाचा दंड धरून तिला आत ओढलं आणि दार लावून घेतलं. “काय झालं?”

“काही नाही झालं, अव्वा. गाडी दुरुस्तीला आहे.”

“मग दुरुस्त हुईस्तवर थांबायचं हुतंस. एवढी काय घाई पडली? भांडलीस?”

“त्यांना सांगून आले मी. जा की म्हणाले.”

“घरात गाडी असून तुला एकटीला एसटीत बसवून दिली?” अव्वानं बॅग उचलून जोखून बघितली. “आणि पोरं? पोरं ठेवून घेतली?”

शिवलीला जितकं खरं सांगत गेली, तितकं ते खोटं वाटत गेलं. “वरच्या आळीतली मल्लूची पोर बी असंच म्हणत आली हुती, काय झालं न्हाय, चार दिवस राहाती. आठ वर्षं झाली. हितंच हाय,” अव्वा म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला.

मग तिनं डोळे पुसले आणि कामाला लागली. धाकटा भाऊ शिवशरण शेतावरून आला, त्याच्या कानात ती काहीतरी बोलली आणि तो बहिणीकडं न बघताच बाहेर पडला. शिवलीलाला माजघरात बसवलं. पुढचं दार ओढून घेतलेलं. शेजारीण ताकाच्या निमित्तानं डोकवायला आली, तिला अव्वानं उंबऱ्यावरूनच परतवलं. “झोपलीया. ऊन लागलंय जरा.” आळीला लेक दाखवायला धावणारी अव्वा आज लेक लपवत होती. भरदुपारी अंधाऱ्या माजघरात, आपल्याच माहेरात, शिवलीला चोरासारखी बसून राहिली. गाडीच्या मागच्या बाकावरसुद्धा तिचा जीव एवढा गुदमरला नव्हता.

“अव्वा,” तिनं शेवटी विचारलं, “तुला काय सांगायचं होतं मला? दिवाळीत म्हणत होतीस.”

“माझं मरू दे. आधी तुझं निस्तरू दे,” अव्वा म्हणाली आणि दाराच्या फटीतून रस्त्याकडं बघत राहिली.

उन्हं कलली तेव्हा लांबून गाडीचा तो आवाज आला. आळीतली पोरंसोरंही ओळखत होती तो. अव्वा ताडकन उठली आणि तिनं पुढचं दार सताड उघडलं. सकाळी लेकीला बघून हसली होती, त्याच्या दुप्पट ती आता हसत होती. “पावणं आलं बघा!” तिनं समोरच्या घराला ऐकू जाईल असं सांगितलं. “न्यायला आलं!”

बसवराज एकटाच उतरला. पाच वर्षांत पहिल्यांदा ती गाडी रिकामी आली होती. त्याचे हात कोपरापर्यंत ग्रीसनं काळे, शर्ट घामानं भिजलेला. “काय झालं? शिवशरणनं फोन केला, असाल तसं या म्हणाला. अव्वा, तुमी बऱ्या हाईसा न्हवं?”

“मी बरी हाय. तुमी गाडी घेऊन आलासा, सगळं बरं झालं.”

त्यानं बायकोच्या सुजलेल्या डोळ्यांकडं बघितलं, सासूच्या चेहऱ्याकडं बघितलं, आणि त्याला हळूहळू उलगडा झाला. तो पायरीवर बसून हसायलाच लागला. “अव, भांडण कुठलं? राहायला आलीया ती. राहू द्या की चार दिवस. मी येतो पुन्हा न्यायला.”

शिवलीलाला वाटलं, धावत जाऊन या माणसाचे काळे हात धरावेत.

“न्हाय, न्हाय,” अव्वा घाईनं म्हणाली. “आलायसा तर घेऊनच जावा. नळावर सगळ्यांनी बघितलंया तिला. उद्या तुमी एकटं गेलासा तर काय म्हणतील?”

“अव्वा, मला राहायचंय,” शिवलीला म्हणाली. “ते सांगतायत ना राहा म्हणून.”

अव्वानं ऐकलं नाही असं दाखवलं. बॅग तिनं आधीच भरून दारात ठेवली होती, वर शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. बसवराजनं बायकोकडं बघून खांदे उडवले. सासूपुढं त्याचं काय चालणार?

अव्वानं लेकीला स्वतः पुढच्या सीटवर बसवलं, आळीला नीट दिसेल अशी. मोठ्यानं म्हणाली, “पुढच्या खेपंला सगळ्यास्नी घेऊन या!” मग खिडकीत वाकून अगदी हळू, “अशी एकटी येऊ नकोस बाई पुन्हा. माझा जीव ऱ्हाणार न्हाय.”

बसवराजनं सवयीनं चावी फिरवली. काहीच झालं नाही. स्टार्टर उद्यमनगरात बाकावरच पडला होता. गॅरेजवाल्यांनी ढकलून सुरू करून दिलेली गाडी तो तशीच हाणत आला होता आणि इथं पोचल्यावर गडबडीत बंद करून बसला होता. “धक्का लागंल,” तो ओशाळून म्हणाला.

शिवशरण आला, समोरच्या घरातले दोघं आले, नळावरच्या दोघीतिघी आल्या. गाडी जागची हलेना. शिवलीलानं बाजूच्या आरशात बघितलं. सगळ्यांच्या कडेला, पदर खोचून, दोन्ही तळवे गाडीला लावून अव्वा ढकलत होती. डोळ्यांना धड दिसत नसलेली, गुडघ्यांनी अधू झालेली तिची आई, सगळा जीव एकवटून. “जोर लावा रं!” ती ओरडत होती.

गाडी हलली, दोन गचके खाल्ले आणि सुरू झाली. धुरात अव्वा एकटी टाळ्या वाजवत होती.