वासूशेठचा ट्रंक कॉल कोण ऐकतं?

"मॅडम, ही तुमची पोरगी लाइन ऐकते आणि बाजूवाल्या किशनला सांगते," वासूशेठ आमच्या साहेबांसमोरच माझ्यावर खेकसले. त्यांनी अहमदाबादला फोन करून जीन्सचं कापड ठरवलं, की त्यांचा माणूस पोचायच्या आत शेजारचा किशनशेठ तो माल उचलायचा. असं सारखं घडत होतं. आणि दर वेळी फोन जोडायच्या बोर्डावर हीच पोरगी, सुषमा, होती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी उल्हासनगरला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर होते. बाहेरगावचा फोन म्हणजे तेव्हा ट्रंक कॉल. तो आधी बुक करायचा, मग ऑपरेटर दोन्ही टोकं जोडून देणार. लाइन लागली का हे बघायला तिच्या हाताशी एक खटका असे. तो उघडला की बोलणं ऐकू येई. दोन्हीकडून 'हॅलो' आलं की खटका बंद, हा नियम. आता लोकांची खासगी माहिती जपायला देशाचं मंडळ असतं म्हणे. आमच्या हॉलपुरतं ते मंडळ मीच होते. मुलींच्या पाठीमागे फिरत खटक्यांवर नजर ठेवायची. माझ्यामागे त्या मला 'मांजर' म्हणायच्या, हेही मला ठाऊक होतं.

सुषमा मोरिवलीची, अजून प्रोबेशनवर. ठपका बसला तर नोकरी गेलीच, वर केस. "मॅडम, आईशप्पथ, मी त्यांचं काय पण ऐकलं नाय," एवढंच ती म्हणत राहिली. माझा विश्वास बसला. साहेबांना पुरावा हवा होता.

"बाई, मग किशनशेठला काय स्वप्न पडतं?" ते म्हणाले. "सोमवारी तिच्या बडतर्फीची ऑर्डर काढतो."

माझं डोकंच फिरलं. माझ्या हॉलमधून बोलणं बाहेर जातं, हे मला मान्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तडक वासूशेठच्या दुकानात गेले. एकच लांब खोली, मध्ये प्लायवूड. अलीकडे वासूशेठची शिलाई मशीनं, पलीकडे किशनशेठची. दोन्हीकडून नुसता धडधडाट. आम्ही बोलत असतानाच फोन वाजला. ट्रंक कॉलची घंटी लांब असते, लगेच ओळखू येते. वासूशेठनी एका कानात बोट घातलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडायला सुरुवात केली.

आणि प्लायवूडपलीकडची मशीनं थांबली. सगळी, एकदम. फोन खाली ठेवल्यावर ती पुन्हा सुरू झाली. वासूशेठना याचा पत्ताच नव्हता.

शनिवारी वासूशेठनी अहमदाबादचा कॉल बुक केल्यावर साहेबांना घेऊन किशनशेठच्या दुकानात गेले. लाइन तपासायला आलोय म्हटलं. त्याने आनंदाने चहा मागवला. थोड्या वेळाने पलीकडे लांब घंटी वाजली. किशनशेठने सवयीने हात वर केला. कारागिरांनी मशीनवरचे पाय थांबवले. पलीकडून वासूशेठ ओरडायला लागले,

"हां साईं! काला वाला! नहीं, नीला नहीं! सब मेरा! आदमी कल निकलेगा!"

साहेबांचा कप हातातच राहिला. "हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"साहब, लाइन खराब है ना," किशनशेठ निवांत म्हणाला. "बेचारे को चिल्लाना पड़ता है. अब कान में आवाज आए तो हम क्या करें?"

सोमवारी ऑर्डर निघाली नाही. पुढे सुषमा कन्फर्मही झाली. खरा प्रकार कळल्यावर तक्रार मागे घ्यायला वासूशेठ साहेबांच्या केबिनमध्ये शिरत होते, मी त्यांना हॉलमध्ये आणलं. म्हटलं, आरोप मोठ्याने केलात, माफीही सगळ्या मुलींसमोर मोठ्याने मागा. आवाजाची त्यांना अडचण नव्हतीच. सुषमा रडली, मुलींनी टाळ्या वाजवल्या, आणि मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी कुणाच्याच खटक्याकडे बघितलं नाही.

तारेतलं बोलणं जपायला कायदा आहे, माणसं आहेत. ते तारेत शिरण्याआधी गल्लीभर करायचं की नाही, हे मात्र ज्याचं त्याने बघावं.