सासूबाईंचा हसरा फोटू

फोटो काढण्याआधी वहिनी पदराच्या टोकानं मोबाईलची काच पुसायच्या. मग त्याच पदरानं समोरच्याचं तोंडही पुसायच्या. समोर नातू असो, नवरा असो, नाहीतर गावचे सरपंच असोत. मग दोन पावलं मागं सरायच्या आणि म्हणायच्या, "हं. आता मला इसरा."

आता तुम्हीच सांगा, भर अंगणात आपलं तोंड पुसणाऱ्या बाईला कोण विसरेल?

नसरापुरात माझा फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे पुढं झेरॉक्स, मागं निळा पडदा आणि कोपऱ्यात फ्लेक्स बनवायचा कॉम्प्युटर. मोबाईलवर चार फोटो काढून स्वतःला कलाकार समजणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. लग्नात मी नवरा-नवरीवर कॅमेरा रोखला, की नेमका कुणाचा तरी मोबाईल मध्ये तडमडतो. आणि नशीब बघा माझं, वरवे बुद्रुकच्या या वहिनी दर बाजारच्या दिवशी भाजीच्या पिशवीसकट दुकानात शिरायच्या, मोबाईल माझ्या नाकासमोर धरायच्या आणि म्हणायच्या, "भावजी, खरं सांगा हां. उगं बरं वाटावं म्हनून बोलू नका."

मी खरं सांगायचो. त्या फुगायच्या. पुढच्या बाजाराला पुन्हा हजर! आता त्या लेकासोबत शहरात राहायला गेल्यात, आणि बाजारच्या दिवशी मला उगाच दाराकडं बघायची सवय लागली आहे.

घरामागं त्यांची बाग होती. बाग कसली, न्हाणीच्या पाण्यावर माजलेलं रानच ते. झेंडू, जास्वंद, अबोली, दोन पपया आणि मांडवावर दुधी. एका दुधीवर त्यांचा भारी जीव जडला. रोज सकाळी नातवाला त्या लोंबत्या दुधीशेजारी उभं करायचं आणि फोटो काढायचा. कोण जास्त वाढतंय ते बघायला! पंधरा दिवसांचे फोटो घेऊन आल्या. मी म्हटलं, "भोपळा झकास आलाय, वहिनी. नातू हललाय."

"भोपळ्याला शिस्त हाय, भावजी. नातू आमच्या ह्यांच्यावर गेलाय."

एकदा सगळं घर टेम्पोत घालून भाटघर धरणावर गेल्या. परत आल्या त्या चाळीस फोटो घेऊन. त्यातल्या निम्म्या फोटोंत कोपऱ्यात एक लालसर ढग. मी वैतागून विचारलं, "हे बोट कुणाचं?"

"माझंच की. म्हंजे मी बी गेलते, हे नको का कळाया?"

मी मुकाट्यानं प्रिंट काढून दिल्या.

एवढे सगळे फोटो त्या मोबाईलमध्ये होते, पण एक नव्हता. सासूबाईंचा हसरा फोटो. ऐंशीच्या पुढची म्हातारी, एरवी सुनेबरोबर दिवसभर खिदळायची. पण मोबाईल वर उचलला, की म्हातारीचा पुतळा व्हायचा. त्याचं असं झालं होतं, की आयुष्यातला पहिला फोटो तिनं आधार कार्डासाठी काढला होता. तिथल्या माणसानं सांगितलं, आजी हसू नका, डोळे मोठे करा, बोटं पुढं करा. झालं! म्हातारीला वाटलं, फोटोची रीतच ही. त्यानंतर कुणीही मोबाईल रोखला, की सासूबाई डोळे वटारायच्या आणि दहाच्या दहा बोटं पुढं करायच्या.

"आत्याबाई, ह्यो सरकारी न्हाई, घरचा हाय," वहिनी विनवायच्या.

"असूं दे. तोंड जुळलं न्हाई तर रेशन बंद करत्यात," म्हातारी ओठ न हलवता उत्तर द्यायची.

वहिनींनी काय काय केलं म्हणता! पपईआड लपून बघितलं. नातवाला नाचवलं. नवऱ्याला म्हशीच्या आवाजात रेकायला लावलं, त्यावर खरी म्हैसच रेकली. सगळं घर लोळलं, सासूबाई मात्र बोटं पुढं करून बसलेल्या.

हसण्यावारी नेऊ नका, वहिनींना याचा खरंच घोर होता. एकदा दुकानात खुर्चीवर बसून म्हणाल्या, "भावजी, पिकलं पान हाय. उद्या काय झालं तर भितीवर काय लावू? त्यो आदारचा फोटू? म्या ह्या घरात आले तवापासनं ह्या बाईनं मला लई हसवलंय. आन नातवंडांनी तिला फौजदार समजायचं व्हय?"

मग एकदा घरच्यांनी पाली गाव गाठलं. राजगडाच्या पायथ्याला पाहुण्यांच्या नातवाचं जावळ होतं. गडी माणसं देवळात, बायका बाहेर सावलीला. तेवढ्यात गडावरून उतरलेली पुण्याची पोरं आली आणि रस्त्यातच फोटोसाठी एकदम उड्या मारायला लागली. एक, दोन, तीन, उडी! एक, दोन, तीन, उडी!

"ह्यांना काय चावलं गं?" सासूबाईंनी विचारलं.

तिसऱ्या उडीला एकाची प्यांट मागून टर्रकन उसवली. तो दोन्ही हात मागं धरून गोल गोल फिरू लागला, आणि सासूबाई सुटल्या. पदर कुठं, चष्मा कुठं, काही भान नाही. या वेळी वहिनींनी काच पुसली नाही, तोंड पुसलं नाही. नुसता मोबाईल उचलला.

त्या बाजाराला त्यांनी फोटो पुढं धरला. जबडा उघडा, आत दोन दात, डोळे मिटलेले, गालावरून पाणी ओघळतंय. मी तीस वर्षं हा धंदा करतोय, पण असा फोटो मला काही जमलेला नाही. जीव जळला माझा! "हललाय थोडा," म्हणालो. आवाजात दम नव्हता, ते त्यांनाही कळलं. नाचतच गेल्या.

पुढच्या थंडीत सासूबाई गेल्या.

दहाव्यासाठी चौकात फ्लेक्स लावायचा होता. नवरा-बायको दोघंही दुकानात आली. नवऱ्याच्या हातात आधार कार्ड, बायकोच्या हातात मोबाईल.

"गावात काय तोंड दाखवू?" नवरा म्हणाला. "आई गेली, आन वर फ्लेक्सात दात काढून हसतीया. लोक थुंकतील."

"अवं, बघा तरी एकदा."

नवऱ्यानं तो फोटो पाहिलाच नव्हता. वहिनींनी तो सासूबाईंना दाखवला, तेव्हा म्हातारीनं शपथ घातली होती, लेकाला दाखवू नको म्हणून. मी आधी आधारचा फोटो कॉम्प्युटरच्या पडद्यावर मोठा केला. वटारलेले डोळे पडदाभर आले, आणि नवरा दोन पावलं मागं सरला. मग दुसरा लावला.

नवरा पुन्हा पुढं सरला. मग तो म्हणाला, "आई अशी हसायची?"

"रोज," वहिनी म्हणाल्या. "तुमी अंगनात आलं की पदर तोंडावर. कर्त्या लेकासमोर दात दावायचं न्हाईत म्हनायच्या."

"मला कंदी दिसलंच न्हाई गं." तो माझ्या निळ्या पडद्याकडं तोंड करून रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "ह्योच लावा. मोठा करा चांगला."

लोक दहाव्याला तोंडं पाडून आले, चौकात मान वर केली आणि फिसकन हसले. म्हाताऱ्या तर एकमेकींना टाळ्या देत होत्या. आणि चार दिवसांनी वहिनींच्या बागेत रांग लागली! भोंगवलीपर्यंत बातमी गेली होती. "आमचाबी काढून ठेव गं बाई, नंतर आमची पोरं आदारचाच लावत्यात." नऊवारीतल्या दहा-बारा म्हाताऱ्या झेंडूत बसून नुसत्या खिदळत होत्या, जणू मरण म्हणजे माहेरचं बोलावणं. मी मोठ्या ऐटीत माझा कॅमेरा आणि स्टँड घेऊन गेलो. मला बघताच सगळ्यांनी पाठी ताठ केल्या आणि डोळे वटारले.

"भावजी, तुमी आपलं दुकान बघा," वहिनी म्हणाल्या.

मी परत आलो. संध्याकाळी घरी भिंतीवरचे फोटो बघत बसलो. गावातल्या हजारो लोकांचे फोटो काढले मी. माझ्या आईचा एकच आहे, पासपोर्ट साइज, तोंड मिटलेला, मीच काढलेला.

दुसऱ्या दिवशी आईला गाडीवर मागं बसवलं आणि वरव्याला नेलं. वहिनींनी तिला जास्वंदीखाली स्टुलावर बसवलं, पदरानं तोंड पुसलं. आईनं माझ्याकडं पाहिलं, जरा लाजली आणि म्हणाली, "तू भाईर थांब."

मी कुंपणापलीकडं जाऊन उभा राहिलो. आत दोघी काहीतरी कुजबुजल्या. आणि मग हसणं ऐकू आलं, मोठं, खळखळून, थांबता थांबेना असं. ते वहिनींचं नव्हतं. पन्नाशी आली माझी, आणि आईला हसताना मी पहिल्यांदा ऐकत होतो.