दीड सूर खालचा ऑर्गन

डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी जिने आणि मांडी घालून बसणं बंद केलं. पायपेटीचं मीच विचारलं.

"पायपेटी म्हणजे?" त्यांनी विचारलं.

मी खुर्चीत बसल्या बसल्या दोन्ही पाय आळीपाळीनं दाबून दाखवले. नव्या गुडघ्यातून कळ आली, पण चेहरा सरळ ठेवला.

"किती वेळ चालतं हे?"

"रविवारी दीड तास. शिवाय सरावाचे दोन दिवस."

"मग अजिबात नाही," ते म्हणाले आणि कागदावर तिसरी ओळ लिहिली.

आमच्या चर्चमध्ये मी एकोणीस वर्षांची असल्यापासून पायपेटी वाजवत आले होते. शाळेत गणित शिकवायची नोकरी संपली, पेन्शन सुरू झाली, तरी रविवारचं हे काम सुटलं नव्हतं. पंचांच्या बैठकीत लगेच तोडगा निघाला. तरुण संघाकडे कीबोर्ड होता, तो मला दिला. मी तीन रविवार वाजवला. कीबोर्ड वाईट नव्हता, पण त्याच्या पट्ट्या इतक्या हलक्या की बोट नुसतं जवळ नेलं तरी वाजेल असं वाटायचं. स्टँड कात्रीसारखा दोन पायांवर उभा, लांब सूर धरला की डुलायचा. आणि माझ्या पायांना काही कामच उरलं नाही. तिसऱ्या रविवारी मी अख्खं गीतभर फरशीवर पाय दाबत होते, हे पहिल्या बाकावरच्या दोन बायकांनी मला नंतर हसत सांगितलं.

पाळकसाहेबांनीही ते पाहिलं असावं. उपासना संपल्यावर ते जवळ आले. "बाई, तुम्हाला नक्की काय पाहिजे?"

"विजेवर चालणारा जुना ऑर्गन," मी म्हणाले. "लाकडाचा. पट्ट्यांच्या दोन ओळी पाहिजेत, एक खाली, एक वर. आणि उजव्या पायाखाली आवाज लहान-मोठा करायची पाटी. भाता मारायला नको."

"असा मिळतो आपल्याकडे?"

"माहीत नाही."

"मग शोधा. पसंती तुमची, पंचांना मी सांगतो."

घरी येताना स्कूटरवर मागे बसून मी आमच्या ह्यांना म्हटलं, "दोन मिळाले तर एक आपण घरी घेऊ." इतकी वर्षं सरावासाठी मला चर्चमध्येच जावं लागायचं. आता सरावासाठी आठवड्यातून दोनदा जाणं-येणंही नको वाटत होतं.

"पलंग कुठे ठेवायचा ते आधी ठरव," हे म्हणाले.

हे वीज मंडळात होते, मीटर तपासायच्या विभागात. संगीताशी त्यांचा संबंध माझ्यापुरताच. चर्चमध्ये ते शेवटून दुसऱ्या बाकावर बसतात, गीतांचं पुस्तक उघडून धरतात आणि ओठ हलवतात. आवाज काढत नाहीत. लग्नानंतर एकदा मी कारण विचारलं होतं. "तुमची गीतं फार उंच असतात," एवढंच म्हणाले. मीही पुन्हा विचारलं नाही.

पहिला ऑर्गन देवळाली कॅम्पात निघाला. एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नी बंगला रिकामा करून पुण्याला मुलीकडे राहायला चालल्या होत्या. त्यांच्या सासऱ्यांनी तो ऑर्गन फार वर्षांपूर्वी अमेरिकेहून बोटीनं आणला होता. आम्ही गेलो तेव्हा हॉलमध्ये सगळीकडे खोकी, आणि मधोमध तो. गडद अक्रोडी लाकूड, कोरीव पाय, खाली पायांनी वाजवायच्या पंचवीस लाकडी पट्ट्या. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला काठीचा विसर पडला.

"चालू करायची एक रीत आहे," बाई म्हणाल्या. "हे पहिलं बटण दाबून आठपर्यंत मोजायचं. ते तसंच धरून दुसरं दाबायचं. मग चारपर्यंत मोजून पहिलं सोडायचं." त्यांनी मोठ्यानं मोजून दाखवलं. आत काहीतरी घरघरत फिरू लागलं, मग ती घरघर स्थिरावली. थोडा वेळ काहीच नाही. मी एक पट्टी दाबून धरली होती, तिचा सूर हळूहळू उमलत आला.

हे टॉर्च घेऊन मागच्या बाजूला गेले होते. कुठलंही यंत्र दिसलं की आधी त्याची पाटी वाचतात.

मी आमच्या नेहमीच्या गीतांपैकी एक सुरू केलं, पांढरी पाचमध्ये. आवाज भरदार, गोड, पोटात उतरणारा. काहीतरी वेगळं होतं पण काय ते कळेना, आणि कळून घ्यायची घाईही नव्हती. दुसऱ्या ओळीला ऑर्गनच्या मागून कोणीतरी गाऊ लागलं. खर्जातला पुरुषी आवाज, जरा खरखरीत, शब्द बरोबर. बंगल्यात दुसरा पुरुष नव्हता.

मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ते थांबले असते. मी वाजवत राहिले आणि ह्यांनी तिन्ही कडवी म्हटली, एकही शब्द न चुकता. चाळीस वर्षं नुसते ओठ हलवताना सगळं पाठ झालं होतं तर.

गीत संपल्यावर हे गुडघे झटकत बाहेर आले, जणू मागे फक्त धूळ पुसत होते. "पाटी वाचली. साठ सायकलचा आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"अमेरिकेतली वीज सेकंदाला साठ सायकलची, आपली पन्नासची. घरच्यांनी ट्रान्सफॉर्मर लावलाय, पण त्यानं व्होल्टेज उतरतं, सायकल बदलत नाही. आत मोटरवर दातेरी चकत्या फिरतात, त्यांच्यातून सूर निघतो. सायकल कमी म्हणून मोटर हळू, म्हणजे सगळे सूर खाली."

मी मनात आकडेमोड केली आणि तेव्हा ते वेगळेपण कळलं. बोटं पांढरी पाचवर होती आणि ऐकू येत होती पांढरी तीन, किंबहुना तिच्याही किंचित खाली. दीड सूर, वर आणखी किंचित.

बंगल्याच्या बाई आमच्याकडे पाहतच राहिल्या. "पण हा तर पहिल्यापासून असाच वाजतोय. आम्हाला वाटायचं ऑर्गनचा आवाज असाच गंभीर असतो."

विचार करून कळवतो म्हणून आम्ही निघालो. परतताना मी गाण्याचा विषय काढला नाही, ह्यांनीही नाही.

दुसऱ्या ऑर्गनचा पत्ता पंचवटीतल्या एका हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्यानं दिला. गल्ली इतकी अरुंद की स्कूटर तोंडाशीच लावून काठी टेकत चालावं लागलं. मालक सत्तरीचे, सडपातळ, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. गणपतीत आणि लग्नात वाजवणारा त्यांचा स्वतःचा ऑर्केस्ट्रा होता. पार्टीतले लोक पांगले, आता ते शेजारच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. ऑर्गन जपानी, पन्नासेक वर्षांचा, देवळालीच्या निम्म्या आकाराचा, आपल्या विजेवर चालणारा. वर रंगीत बटणांची रांग होती, तालाची. वॉल्ट्झ, रुंबा आणि आणखी काय काय.

"ताई, ह्याला मी लय जपलंय," ते म्हणाले. "आधी तुम्ही वाजवा. मला बघू द्या."

परीक्षा माझी होती तर. मी एक संथ गीत वाजवलं. पायाखालची पाटी मऊ होती, जराशी दाबली तरी ऐकत होती. सूर चोख. स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या आणि ट्रे हातात धरूनच उभ्या राहिल्या.

"हे देवाचं आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कळतंय," त्या म्हणाल्या आणि मग चहा दिला.

दरम्यान ह्यांनी परवानगी घेऊन मागची फळी उघडली होती. आत तारांच्या गुंत्यावर सगळीकडे गुलाबी भुकटी. बोट फिरवून हे म्हणाले, "गुलाल."

मालक जरा ओशाळले. "मिरवणुकीत ट्रकवर ठेवून वाजवायचो. साफ करून देतो मी."

"राहू द्या, मी करीन," हे म्हणाले.

निरोप घेताना मालकांनी एकच अट घातली. बिघडला तर दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही, त्यांना बोलवायचं.

घरी येऊन मी वहीत मधोमध रेघ मारली आणि एका बाजूला देवळालीच्या ऑर्गनचे तोटे, दुसऱ्या बाजूला फायदे असं लिहीत गेले. चर्चमध्ये मुलं गिटार वाजवतात, एक व्हायोलिन आहे, बायकांच्या आवाजांची एक पक्की पट्टी आहे. दीड सुराहून जास्त खाली गेलेल्या वाद्याशी या सगळ्यांनी जुळवून घ्यायचं कसं? शिवाय तो हलवायला चार माणसं, दर वर्षी मोटरला तेल. वहीची एक बाजू भरत गेली आणि दुसरीकडे 'आवाज सुंदर' एवढंच राहिलं. मी पाळकसाहेबांना फोन करून पंचवटीचा ऑर्गन पसंत असल्याचं सांगितलं.

तीन दिवसांनी मी आंघोळ करून बाहेर आले तर हे हॉलमध्ये टेप धरून वाकले होते.

"काय मोजताय?"

"पलंग आतल्या खोलीत आडवा बसतोय. कपाट थोडं सरकवावं लागेल."

"अहो, पण तो सुरात नाही."

"घरी कोणाशी सूर जुळवायचाय?" त्यांनी टेप गुंडाळली. "बाईंना मी सकाळीच फोन केलाय. शनिवारी टेम्पो येतोय."

टेम्पो आला तो पंचवटीच्या मार्केटात सकाळी माल उतरवलेला, भाडं मिळालं म्हणून देवळालीला गेलेला. आमचा ऑर्गन कोथिंबिरीच्या वासासकट घरी आला. आमचं घर तळमजल्यावर आहे, नाहीतर हमालांनी तो दारातच सोडला असता.

चर्चचा ऑर्गन त्याच आठवड्यात बसला आणि पहिल्या रविवारी त्यानं मला घाम फोडला. उपदेशाआधीचं शांत गीत चालू होतं. दुसऱ्या कडव्यात आपोआप रुंबा सुरू झाला. छुक-चिक-छुक. मी बटण दाबलं तर आणखी जोरात. पाळकसाहेब डोळे मिटून उभे राहिले. गिटारवाल्या मुलांनी आधी एकमेकांकडे पाहिलं आणि मग त्या तालात वाजवायला लागली. मंडळीही मागे हटली नाही. ते गीत आमच्याकडे इतक्या झपाट्यानं कधीच संपलं नव्हतं.

ठरल्याप्रमाणे सोमवारी पंचवटीहून मालक आले, पांढऱ्याच सदऱ्यात, पिशवीत तारा झाळायचा कैया घेऊन. त्यांनी तालाची तार काढून टाकली. हे शेजारी बसून ब्रशनं गुलाल झाडत होते. सगळा काही निघाला नाही. काम झाल्यावर मालकांनी मला एक गीत वाजवायला लावलं आणि पहिल्या बाकावर बसून ऐकलं. जाताना म्हणाले, "ताई, डावा हात जरा हलका ठेवा." त्यांचं बरोबर होतं. पायपेटीची सवय.

आता सकाळी चहा झाला की मी घरचा ऑर्गन चालू करते. आठपर्यंत हे मोजतात, पुढचे चार मी. मग एक गीत, कधी दोन. हे माझ्या मागे उभे राहून गातात. ताल सोडून पुढे पळतात, शेवटचा शब्द लवकर संपवतात, पण आवाज खरंच चांगला आहे. हे मला साठी उलटल्यावर कळावं याचा पहिल्यांदा थोडा राग आला होता. चर्चमध्ये ते अजूनही ओठच हलवतात.

गेल्या महिन्यात हे अंबडच्या एका मित्राच्या कारखान्यातून एक जड डबा घेऊन आले. पन्नास सायकलची वीज साठ करून देणारा. "जोडून बघू. मग तुझा ऑर्गन अगदी बरोबर वाजेल."

त्यांनी जोडला. घरघर वेगळी झाली, बारीक. मी पांढरी पाच दाबली आणि पांढरी पाचच वाजली. मी गीत सुरू केलं. सूर खणखणीत, लखलखीत, वहीतले सगळे आक्षेप एका झटक्यात खोडणारे. ह्यांनी पहिली ओळ उचलली, वरच्या सुराशी त्यांचा आवाज फाटला. दुसऱ्यांदा खोकून घेतलं, पुन्हा फाटला. मग नुसतं ऐकत उभे राहिले.

"छान आहे," ते म्हणाले.

"आहे," मी म्हणाले.

त्यांनी ऑर्गन बंद केला, डबा सोडवला, वायर गुंडाळली आणि जुना ट्रान्सफॉर्मर परत लावला. दुसऱ्या दिवशी मित्राचा डबा परत देऊन येताना अंबडहून कोबी घेऊन आले. स्वस्त होता म्हणे.